जुनी आलिशान सेडान घेण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये आमणेपर्यंत पूर्ण खुला झाल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा दिसतो. नागपूरहून ७०१ किलोमीटरचा हा प्रवास आरामशीर, सुरक्षित आणि दमदार गाडीतून करावा असे अनेकांना वाटते, आणि त्याच वेळी वापरलेल्या जर्मन सेडान नव्या साध्या गाडीच्या किमतीत समोर उभ्या दिसतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी हिंगणा एमआयडीसीमध्ये नोकरी करतो. २०१४ सालची बीएमडब्ल्यू ३२०डी, मीटरवर सुमारे ८२ हजार किलोमीटर, एका नव्या मध्यम सेडानपेक्षाही कमी किमतीत मिळते आहे. गाडी दिसायला उत्तम आहे, टेस्ट ड्राइव्हमध्येही काही खटकले नाही. संधी सोडू नये असा मुलाचा आग्रह आहे. नेमके काय तपासावे? — वाचक, प्रतापनगर

उत्तर : तपासणीकडे वळण्याआधी किमतीचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ही गाडी नवी असताना तीस लाखांच्या वर होती. आज ती त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात मिळते, पण तिचा हेडलाइट, टर्बो, इंजेक्टर आणि गिअरबॉक्सची दुरुस्ती यांचे दर तीस लाखांच्या गाडीचेच राहतात. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. म्हणून गाडीच्या किमतीखेरीज तिच्या पंधरा ते वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी काढून ठेवता येत असेल, तरच या व्यवहाराचा विचार करावा असे माझे स्पष्ट मत आहे. सगळी बचत खरेदीतच संपणार असेल, तर गाडी कितीही चांगली असली तरी थांबावे.

आता इंजिनाकडे. या पिढीच्या ३२०डीमध्ये २०१५च्या सुमारास इंजिन बदलले, म्हणजे आपल्याला दाखवलेल्या गाडीत आधीचे एन-४७ मालिकेतले डिझेल इंजिन असणार. या इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारी साखळी, पुढच्या बाजूला नसून मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. चेन ताणली गेल्याच्या किंवा तिचे गाइड झिजल्याच्या तक्रारी प्रामुख्याने २००७ ते २०११ या काळातील गाड्यांबाबत होत्या आणि पुढे त्यात सुधारणा झाल्या, तरी चेनची जागा तीच राहिली. त्यामुळे काम निघालेच तर आधी गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन उतरवावे लागते आणि मजुरीचा आकडा सुट्या भागांच्या बरोबरीला जातो. चेन चालत्या गाडीत तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच निकामी होते.

याची सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे थंड इंजिन सुरू करून पाहणे. गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. बॉनेट कोमट लागले, तर विक्रेत्याने गाडी आधी सुरू करून ठेवली होती असे समजून दुसऱ्या दिवशीची वेळ मागावी. थंड इंजिन सुरू होताना एकाला खिडक्या उघड्या ठेवून आत बसवावे आणि स्वतः पुढच्या चाकाच्या मागे, म्हणजे इंजिनाच्या मागच्या बाजूला, कान देऊन उभे राहावे. डिझेलची नेहमीची खडखड आणि धातूवर धातू घासल्यासारखा खरखरता आवाज यांतला फरक अनुभवी मेकॅनिकच्या लगेच लक्षात येतो, म्हणून त्याला सोबत नेलेलेच बरे. आपली टेस्ट ड्राइव्ह चांगली झाली असे आपण लिहिता, पण ती तापलेल्या इंजिनावर झाली असेल तर तिच्यावरून या बाबतीत काहीच कळत नाही.

गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा आठ गिअरांचा आहे आणि मुळात तो उत्तम आहे. मात्र गाडीच्या माहितीपुस्तिकेत त्याचे ऑइल आयुष्यभर चालते असे सुचवलेले असल्याने बहुतेक मालक ते कधीच बदलत नाहीत, तर गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे यांदरम्यान ते बदलण्याची शिफारस करते. आपण पाहिलेल्या गाडीचे वय पाहता हे काम होऊन गेलेले असायला हवे. त्याचे बिल मागावे. बिल नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करावा.

यानंतरचा मुद्दा आपल्या नागपूरचा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या शहरात बॉनेटखालचे प्लास्टिक आणि रबर लवकर म्हातारे होते. कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचे आवरण आणि होजचे प्लास्टिकचे जोड तापून-निवून ठिसूळ होतात आणि एखाद्या दिवशी अचानक तडकतात. कूलंटच्या टाकीचे प्लास्टिक पिवळे पडले आहे का, जोडांभोवती वाळलेल्या कूलंटची खपली धरली आहे का, ऑइल फिल्टरच्या घराखाली तेलकट ओल आहे का, हे टॉर्च घेऊन पाहावे. इंजिन स्वच्छ धुऊन चकचकीत केलेले असेल तर समाधान मानू नये, कारण धुतलेल्या इंजिनावर गळतीच्या खुणा राहत नाहीत. अशी गाडी अर्धा तास चालवून पुन्हा बॉनेट उघडावे.

या काळातील बीएमडब्ल्यूच्या अनेक डिझेल गाड्यांमध्ये ईजीआर कूलरमधून, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर थंड करणाऱ्या भागातून, कूलंट गळून आग लागण्याचा धोका आढळल्याने २०१८ मध्ये कंपनीने युरोप आणि आशियातील देशांत मोठे रिकॉल केले होते, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी गाड्या परत बोलावल्या होत्या. आपल्या गाडीचा चेसिस नंबर अधिकृत सेवा केंद्राला देऊन हे आणि एअरबॅगचे असे दोन्ही रिकॉल लागू होते का, आणि झाले असतील तर त्याची नोंद आहे का, हे विचारावे. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधील रसायन उष्णता आणि दमटपणा यांमुळे वर्षानुवर्षे खराब होत जाते आणि एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडतात, म्हणूनच ते जगभरचे रिकॉल झाले. ही तपासणी टाळू नये.

शेवटी सस्पेन्शन. शहरातल्या एखाद्या सिमेंट रस्त्यावरून, एसी आणि रेडिओ बंद ठेवून, ताशी ३० च्या वेगाने गाडी न्यावी. सांध्यांवरून जाताना पुढून ‘टक-टक’ ऐकू आले तर बहुधा कंट्रोल आर्मचे, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यांचे, रबरी बुश गेलेले आहेत. हा दोष गाडी नाकारण्याएवढा मोठा नाही, पण खर्चाच्या यादीत तो लिहून ठेवावा. टायर रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, आहेत का तेही पाहावे, कारण या गाडीत बहुधा स्टेपनी नसते, आणि आधीच्या मालकाने पैसे वाचवण्यासाठी साधे टायर बसवले असतील तर पंक्चर झाल्यावर समृद्धीवर भर दुपारी आपण अडकून पडाल.

मुलाचा आग्रह समजण्यासारखा आहे, कारण चालवण्याच्या आनंदात ही गाडी खरोखरच आपल्या वर्गात अव्वल होती. नोंदी पूर्ण असतील आणि थंड इंजिनाचा आवाज स्वच्छ असेल तर जरूर घ्यावी. तिच्या नोंदणीची मुदत २०२९ पर्यंत आहे. त्यानंतर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर येतो, तेव्हा पुढे विकताना मिळणारी किंमत धरून चालू नये.

प्रश्न : मर्सिडीज सी-क्लास, २०१६ सालची, एमएच-३१ पासिंग, बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे. आतील गालिचा आणि सीटकव्हर अगदी नवे आहेत. विक्रेता म्हणतो की मालक हौशी आहे. शंका घ्यावी का? — वाचक, मनीषनगर

उत्तर : जरूर घ्यावी. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे झालेल्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, सीताबर्डी या भागांत घरांच्या आवारात आणि तळघरांत उभ्या असलेल्या अनेक गाड्या बुडाल्या. त्यांतल्या काही दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आल्या असतील, हे गृहीत धरूनच नागपूर पासिंगची प्रत्येक जुनी गाडी पाहावी.

बुडालेल्या गाडीचे इंजिन दुरुस्त होते. खरा प्रश्न विजेच्या तारांचा असतो. अनेक जर्मन गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल प्रवाशाच्या पायाखाली, सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी असतात. तिथे एकदा गढूळ पाणी गेले की पिनांना गंज चढत राहतो आणि वर्षभराने कधी काच खाली होत नाही, कधी गाडी सुरू होत नाही, कधी डॅशबोर्डवर एकाच वेळी पाच दिवे लागतात. दोष सापडत नाही, मॉड्यूल मात्र एकामागून एक बदलले जातात.

तपासायला सीटबेल्टपासून सुरुवात करावी. बेल्ट शेवटपर्यंत, पूर्ण अडेपर्यंत बाहेर ओढावा. सीटकव्हर आणि गालिचा बदलता येतो, पण बेल्टचा जो भाग एरवी गुंडाळीच्या आत राहतो तो सहसा कोणी बदलत नाही. तिथे मातकट रेघ, कडकपणा किंवा बुरशीचे ठिपके दिसले तर पुढे काहीच पाहण्याची गरज नाही. बेल्ट स्वच्छ असेल तर दाराच्या उंबऱ्याची पट्टी उचकून गालिच्याखालचा जाड फोम बोटांनी दाबावा, सीटच्या रुळांवरचे बोल्ट पाहावेत, आणि डिकीतील तळाचे झाकण काढून तिथले कनेक्टर तपासावेत. तांब्यावर हिरवट थर दिसला की पाणी आत गेले होते हे नक्की.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. आत ओल असणे म्हणजे पूरच असे नाही. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या आणि समोरच्या काचेखालच्या जाळीतली निचऱ्याची वाट कडुनिंबाच्या पानांनी बुजली, तर झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीतही पावसाळ्यात पाणी उतरते. परिणाम मात्र तारांवर तोच होतो. म्हणून कारण कोणतेही असो, गालिचा ओला सापडल्यास गाडी घेऊ नये. विमा कंपनीकडून जुन्या दाव्यांची माहिती मालकामार्फत मागवावी. ती द्यायला मालक तयार नसेल तर तेही उत्तरच समजावे.

प्रश्न : दिल्लीतील डीलरकडे सात-आठ वर्षांच्या डिझेल सेडान नागपूरपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. तिथून गाडी आणणे फायद्याचे ठरेल का? — वाचक, कामठी

उत्तर : तिथल्या स्वस्ताईला कारण आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. पुढे तिच्या अंमलबजावणीत चढउतार होत राहिले, तरी दहावे वर्ष जवळ आले की तिथे डिझेल गाडीची किंमत कोसळते. म्हणजे किंमत कमी आहे म्हणून गाडी खराबच असेल असे नाही.

कागदपत्रांचा मात्र पूर्ण हिशेब करावा. नागपूर आरटीओच्या नावाने काढलेली, फॉर्म २८ प्रमाणेची एनओसी लागेल. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र लागेल. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवल्यास नवा नोंदणी क्रमांक घेणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार बंधनकारक आहे, आणि त्या वेळी महाराष्ट्राचा रस्ता कर भरावा लागतो. तो गाडीच्या मूळ किमतीशी निगडित असल्यामुळे आलिशान गाडीच्या बाबतीत ही रक्कम लहान नसते. दिल्लीत भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळवण्याचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि तो डीलर करून देईल या भरवशावर राहू नये. गाडी चोरीची नाही ना, हे एनसीआरबी या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या ऑनलाइन सेवेवर चेसिस आणि इंजिन नंबर टाकून पाहता येते, आणि ते दोन्ही नंबर गाडीवर प्रत्यक्ष कोरलेल्या आकड्यांशी स्वतः ताडून घ्यावेत.

हे सर्व धरून, प्रवासखर्च आणि ट्रान्सपोर्टचे पैसे मिळवून, नागपूरच्या भावाशी तुलना करावी. माझा कल नागपुरातच वाढलेल्या, एकाच मालकाच्या गाडीकडे राहील, कारण तिचे सेवा केंद्र आणि मेकॅनिक आपल्याला प्रत्यक्ष भेटता येतात.

प्रश्न : ऑडी ए-४ पेट्रोल, २०११. मालक सांगतो की अधूनमधून एक लिटर ऑइल टाकावे लागते, ते नेहमीचेच आहे. खरे आहे का? — वाचक, सक्करदरा

उत्तर : थोडेफार ऑइल टर्बो पेट्रोल इंजिन खाते, पण या पिढीतील टीएफएसआय, म्हणजे ऑडीच्या टर्बो पेट्रोल, इंजिनांमध्ये पिस्टनच्या ऑइल रिंगांचा दोष होता आणि त्यामुळे ऑइलचा खप मर्यादेबाहेर जात असे. त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे पिस्टन आणि रिंग बदलणे, ज्यासाठी इंजिन उघडावे लागते. त्याच इंजिनातील टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही बदनाम आहे. विशेष म्हणजे हे दोन दोष एकमेकांना पूरक ठरतात: ऑइलची पातळी खाली गेली की त्याच ऑइलच्या दाबावर चालणारा टेन्शनर ढिला पडतो. पिस्टन आणि टेन्शनर बदलल्याची बिले नसतील, तर ही गाडी घेऊ नये.

प्रश्न : मी डॉक्टर आहे. घर ते रुग्णालय सहा किलोमीटर, महिन्यातून एखादी पुणे किंवा हैदराबादची फेरी. २०२१ची डिझेल सेडान पाहिली आहे. — वाचक, धरमपेठ

उत्तर : आपल्या वापरासाठी डिझेल योग्य नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. ती काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन तापलेले राहून गाडी काही काळ सलग वेगात चालावी लागते. सहा किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये, शंकरनगर चौकातल्या सिग्नलवर थांबत, हे जळणे अर्धवट राहते, फिल्टर चोंदतो आणि न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये मिसळून ऑइल पातळ होते. महिन्यातली एक लांब फेरी त्याला पुरेशी नाही. पेट्रोल पाहावी. पाठीमागच्या सीटचा आराम हाच मुख्य हेतू असेल, तर वापरलेली टोयोटा कॅमरी हायब्रिड किंवा लेक्सस ईएस यांचा आवर्जून विचार करावा. शहरातल्या थांबत-चालण्यात हायब्रिडचा फायदा सर्वाधिक होतो आणि टिकाऊपणात या दोन्ही गाड्यांचा लौकिक जर्मन गाड्यांहून चांगला आहे. मात्र हायब्रिड बॅटरीची तपासणी अधिकृत केंद्रातूनच करून घ्यावी आणि मागच्या सीटजवळच्या बॅटरी थंड करणाऱ्या जाळीत धूळ अडकलेली नाही हे पाहावे.

प्रश्न : नऊ वर्षांची गाडी आणि मीटरवर फक्त ३८ हजार. मीटर मागे फिरवला आहे हे कसे ओळखावे? — वाचक, मानेवाडा

उत्तर : स्टिअरिंगची चकाकी, ब्रेक पेडलचे रबर आणि चालकाच्या सीटची बाहेरची कड यांच्या झिजेवरून अंदाज येतो, पण पुरावा नोंदींतूनच मिळतो. चेसिस नंबरवरून अधिकृत सेवा केंद्राकडे प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर पाहता येतात. शिवाय बऱ्याच आलिशान गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद केवळ मीटरमध्ये नसून इतर मॉड्यूलमध्ये आणि किल्लीतही राहते, आणि त्या कंपनीचा योग्य स्कॅनर असलेला मेकॅनिक ते आकडे ताडून सांगू शकतो. स्कॅनच्या वेळी जुने दोष नुकतेच पुसून टाकले आहेत का तेही कळते. सर्व काही कालच शून्यावर आणलेले दिसले, तर गाडी आणखी शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करण्याची अट घालावी. या तपासणीला काही हजार रुपये लागतात आणि विक्रेत्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये ती करून घेऊ नये.

किलोमीटर खरेच कमी असतील तरी निर्धास्त होऊ नये. उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर, बॅटरी आणि रबरी सील वयानेच जातात. टायरच्या बाजूवरील चार आकडी शिक्क्यात पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. नक्षी कितीही खोल असली तरी सहा-सात वर्षांपूर्वीच्या टायरवर उन्हाळ्यात समृद्धीच्या काँक्रीटवर ताशी १२० च्या वेगाने कुटुंब घेऊन जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : एअर सस्पेन्शन असलेली जुनी एस-क्लास घ्यावी का? — वाचक, जरीपटका

उत्तर : रात्रभर सपाट जागेवर उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर खाली बसलेली दिसली, तर त्या चाकावर गाडी तोलून धरणारी सस्पेन्शनची हवेची पिशवी (एअर बॅग) गळते आहे. ती गळती भरून काढताना कॉम्प्रेसर सतत चालतो आणि तोही जळतो. चारही कोपरे समान असतील आणि गाडी सुरू केल्यावर कॉम्प्रेसर थोड्याच वेळात शांत होत असेल तर पुढे बोलणी करावीत. नागपुरात या प्रकारच्या सस्पेन्शनचे काम करणारे गॅरेज आधी शोधून, दर विचारून, मगच.

प्रश्न : व्यवहार झाल्यावर सर्वांत आधी काय करावे? — वाचक, वर्धा रोड

उत्तर : फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन आरटीओत नावाची बदली लगेच सुरू करावी आणि जुने ई-चलान विक्रेत्याकडून भरून घ्यावेत. विम्याची पॉलिसी १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा, कारण त्यानंतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. नो-क्लेम बोनस गाडीचा नसून जुन्या मालकाचा असतो, त्यामुळे त्याच्या फरकाची रक्कम आपल्याला भरावी लागेल. पाण्याने इंजिन निकामी झाल्यास भरपाई देणारे जोडकलम त्या वयाच्या गाडीला मिळत असेल, तर ते पावसाळ्यापूर्वी घ्यावे.